सरपंचाचं पथ्य

१

सरपंचाला दुसऱ्यांदा माझ्या कर्जतच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा त्याची लघवी पुन्हा तुंबली होती. पोट टणक, डोळे अर्धे मिटलेले. टेबलावर ठेवला आणि तो थेट माझ्या नव्या चपलांवर ओकला. चपलांचं मी नंतर बघितलं. आधी त्याला भूल दिली, नळी घातली, सलाइन लावलं.

सरपंच म्हणजे बोका. पोशीरच्या दत्ताराम कराळ्यांनी त्याचं नाव ठेवलं. रोज सकाळी गावातून चक्कर मारणाऱ्या या पांढऱ्या-पिवळ्या बोक्याकडे बघून ते म्हणाले होते, "चालतो बघा कसा! जसं काय गाव ह्याच्याच नावावर हाय." दत्ताराम जाऊन दीड वर्ष झालं होतं. मधल्या काळात गावचा खरा सरपंच बदलला, हा मात्र पदावर कायम होता.

पहिल्या वेळी तो मरता मरता वाचला. तेव्हाच मी घरच्यांना बजावलं होतं. दूध-भाकरी बंद, खारं-सुकं काहीही बंद. मी देते ते डब्यातलं ओलं खाणं, त्यात वर आणखी पाणी. बोक्यांचा मूत्रमार्ग मुळात अरुंद, एकदा खडे धरायला लागले की एखादं खारट जेवणसुद्धा महागात पडतं. "पुन्हा तुंबलं तर मी काही देव नाही," असंही मी म्हणाले होते. गोड बोलण्यासाठी मी प्रसिद्ध नाही.

आता चपला पुसायला वाकले आणि मला ते दिसलं. सोडे! सोलून वाळवलेली कोळंबी, लाल मसाल्यात शिजवलेली, या पठ्ठ्याने न चावता गिळलेली. चार-पाच तर अगदी अख्खे होते.

दत्तारामांची सून नम्रता माझ्या शेजारीच उभी होती. तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे आमच्या घरातलं नाही. आमच्याकडे मासळी शिजतच नाही. बाबा गेल्यापासून ह्यांनी माळ घातलीय."

तिचा नवरा निलेश गळ्यातल्या तुळशीमाळेशी चाळा करत होता. मग म्हणाला, "म्हंजे कुनीतरी मुद्दाम घातलं. पथ्य हाय म्हनून म्हाईत असून."

२

बाहेरच्या बाकावर दत्तारामांची बायको जिजामावशी बसल्या होत्या. मांडीवर बोक्याची रिकामी टोपली आणि तिच्यात घडी घातलेलं जुनं उपरणं. उपरणं दत्तारामांचं, हे सांगायला नको होतं.

"वाचंल ना वो, डाक्टरीनबाई?"

"वाचेल. पण तिसऱ्यांदा आला तर मला विचारू नका."

कुणीतरी बोक्याला मासळी घातल्याचं निलेशने बाहेर येऊन त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "आरं देवा! मी तर त्याला बोट बी चाटवलं नाय रं. समोर बसून त्याचा त्यो डबा खायाला लावते."

"आई, आता माझं ऐका," नम्रता म्हणाली. तिने ठरवलेलं होतं. "हा बरा झाला की मी त्याला लोधिवलीला माहेरी नेऊन ठेवणार. तिथे बंद ब्लॉक आहे. खाली उतरणं नाही, कुणी काही घालणं नाही. इथे राहिला तर मरेल."

जिजामावशींनी टोपली घट्ट धरली. "तो बी ग्येला तर त्या घरात त्यांचं काय उरलं गं?"

मला संताप आला होता. माझ्या पेशंटचं पथ्य कुणीतरी मोडतं आणि शिक्षा या बाईला? मी म्हणाले, "बोका सलाइनवर आहे तोवर इथेच राहील. तोवर हे कुणी केलं ते मी शोधते. सापडलं, तर लोधिवली रद्द. कबूल?"

नम्रताने मान डोलावली. 

त्यांना पोचवायला मी पायरीपर्यंत आले. निलेशने टेंपो नेहमीप्रमाणे पायरीला इतका चिकटवून लावला होता की पुढच्या बंपरला बांधलेलं लिंबू माझ्या ओढणीत अडकलं. पिवळंधमक लिंबू आणि हिरव्यागार मिरच्या. मागच्या वेळीही अशाच ताज्या मिरच्यांनी माझी ओढणी धरली होती. मी निलेशला टेंपो लावण्यावरून चार शब्द सुनावले आणि आत आले.

बोक्याचं तोंड पुसताना आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्या डाव्या बाजूच्या मिशा टोकाशी जळून कुरळ्या झाल्या होत्या. मी नम्रताला फोन लावला.

"घरात चूल आहे?"

"नाही मॅडम, गॅस आहे. आणि लायटरच्या आवाजाला तो इतका भितो की ओट्याकडे फिरकतही नाही. का?"

मग त्याच्या मिशा कुणी जाळल्या?

३

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याला कुलूप लावून मी पोशीरला गेले. भात कधीच कापून झालं होतं आणि खाचरांतून वाल हिरवागार उभा होता. शेंगा भरत आल्या होत्या. दत्तारामांचं घर गावाच्या कडेला, मागे रिकामा गोठा. बैल त्यांच्या आजारपणातच विकले.

नम्रता अंगणातच भेटली. तिने आपण होऊन सगळं दाखवलं, डबे, वाट्या, पाण्याची पसरट थाळी. डबा उघडताना ती नाकाला पदर लावते, तरी रोज दोन्ही वेळा उघडते.

"गावात काय बोलतात माहितीये? सुनेला बोका नको होता. मला लोधिवलीचं सुचलं म्हणून मीच घातलं असणार म्हणे."

"मग, घातलं का?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा गेले तेव्हा माझं लग्न नवीन होतं. या घरात माझ्याशी पहिलं कोण बोललं असेल तर ते बाबा. त्यांच्या बोक्याला मी...?"

मला माझा प्रश्न परत घ्यावासा वाटला. पण तपास करायचा म्हटल्यावर असले प्रश्न विचारावेच लागतात.

निलेश टेंपो धूत होता. खालापूरच्या कारखान्यांतला माल तो नेतो-आणतो. मी त्याला सरळच विचारलं, "बाहेर कधी चोरून मासळी खातोस का? डब्यात उरलेली बोक्याला टाकली असशील."

तो हसला, पण उदासच. "म्याडम, बाबा दवाखान्यात व्हते तवा बोललो व्हतो, हे बरे होऊं दे, मी माळ घालीन. ते बरे झाले नाय. तरी घातली. बोललेलं मोडवत नाय."

"आणि घरात सगळ्यांचीच मासळी बंद?"

"आयेनं आपनच बंद केली. मी सांगितलं नव्हतं." त्याने फडकं पिळलं. "बाबांचं मातर उलटं. बुधवार, आयतवार, सुक्रवार, पानात काय तरी पायजेच. वर्षश्राद्धाला आमी गोडाचं पान ठेवलं, तर कावळा शिवंना. किती येळ वाट बघितली! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. आये तवापासून गप गप असते."

टेंपोवरचं लिंबू पुन्हा माझ्या समोरच होतं. "हे दर शनिवारी बदलतोस?"

"नाय, दर अवसेला. बाबांनी लावलेली सवय. ही अवस सरली नि दुसऱ्या दिशी बोका आजारी. येळच वाईट चालू हाय बघा."

मी ओढणी आवरली आणि तिथेच थांबले. मागच्या वेळीही लिंबू ताजं होतं. म्हणजे तेव्हाही नुकतीच अमावास्या झाली होती.

४

संशयितांत आता एकच उरली होती. सुकी मासळी विकणारी धोंडूबाई. शेजारच्याच आळीत राहते, डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरते. सरपंचाने एकदा तिच्या वळचणीचे बोंबील पळवले होते आणि तिने त्याला अख्ख्या आळीसमोर शिव्या घातल्या होत्या, हे मला गावात शिरल्याबरोबर दोघांनी सांगितलं.

"मी त्याला मारीन?" धोंडूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवो, शिव्या दिल्या ते खरं. पन दत्तूभाऊचा बोका हाय तो! मुक्या जिवाला कोन इख घालतंय? नि पथ्य हाय कळल्यापासून त्याला जवळ्याचा दाना दिला नाय मी. तो टोपलीमागं म्याव म्याव करत येतो, माझाच जीव तुटतो."

"जवळा देत होतीस आधी?"

"मग काय! मांजराला जवळाच घालत्यात."

"सोडे नाही?"

ती माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघत राहिली. "मांजराला सोडे? बाय, सोडे पाव्हन्यारावळ्याला. घरातली मानसं बी सनावारी खातात. मांजराला कोन घालील?"

"मग हल्ली गावात सोडे कोण घेतं तुझ्याकडून?"

धोंडूबाईचा हात टोपलीवरच्या फडक्यावर जाऊन थांबला. इतका वेळ तोफ चालू होती ती एकदम बंद झाली.

"ते मी सांगायची नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला शपथ घातलीय. पन देवाशपथ सांगते, ते मांजरासाठी नव्हते."

५

दत्तारामांच्या ओटीवर चहा झाला. निलेश, नम्रता, दारात रेंगाळणारी धोंडूबाई आणि सुपात वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या जिजामावशी, सगळे हजर होते. मला सगळं उमगलं होतं असं मी समजत होते. खरं सांगायचं तर मी जरा फुशारले होते.

"पहिली गोष्ट," मी म्हणाले, "तुम्ही सगळे खरं बोलताय. बोक्याला कुणीही, काहीही घातलेलं नाही."

"मग पोटात मासळी आली कुठून?" नम्रताने विचारलं.

"तीच तर गंमत. त्याला मारायचं असतं, तर कुणीही काहीही टाकलं असतं. लाड करायचे असते, तर जवळा पुरला असता. पण त्याच्या पोटातून निघाले ते मसाल्यात शिजवलेले..."

मी शब्द उच्चारला. "सोडे."

जिजामावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. 

तोवर त्यांच्यासमोर नुसती 'मासळी' असंच बोललं गेलं होतं. त्यांनी वर बघितलं नाही. सुपातल्या दाण्यांवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून बसल्या. त्यांचा चेहरा बघितला आणि माझी फुशारकी पार उतरली. कोडं सोडवताना मी सोडे, जळक्या मिशा, अवस असा सगळा हिशेब मांडला होता. उत्तराच्या जागी एक माणूस बसलेलं असणार, हे काही मी हिशेबात धरलं नव्हतं.

"पुढे काय, म्याडम?" निलेश म्हणाला.

"पुढचं मला अजून नीट कळलं नाही," मी चक्क खोटं बोलले. "जिजामावशी, मला जरा तो गोठा दाखवता?"

६

गोठ्याच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक सपाट दगड होता. दगडाच्या कडेला तेलाचा डाग आणि काजळी. पणती तिथेच ठेवली जात असणार. भिंतीच्या तळाशी मांजर सहज शिरेल एवढं भोक होतं.

"इथंच बसून जेवायचे ते," जिजामावशी म्हणाल्या. "घरात जेवन उतरायचंच नाय. आधी बैलांना चारा, मग हिथं ताट. सरपंच म्होरं बसलेला."

त्याच सांगू लागल्या.

"कावळा शिवला नाय ना बाई, तवा मला कळलं. त्यांना ते गोड नको व्हतं. सोडे पायजे व्हते. पन पोराच्या गळ्यात माळ. ती मोडू कशी? नि त्यांना उपाशी ठेवू कशी? पोराची माळ बी खरी, नि त्यांची भूक बी खरी. मग अवसेला धोंडूच्या घरी शिजवायची. दिवा लागला की हिथं वाडी ठेवायची. पान, सोडे, तांदळाची भाकरी, बाजूला दिवा."

गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढून बाहेर ठेवायचं, ती वाडी. आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"आणि मागे वळून बघायचं नाही," मी म्हणाले.

"नाय बघायचं. बघितलं का ते येत नाय. मी कदी बघितलं नाय वो. सरळ घरात जायाची. सकाळी येऊन बघते तर पान लख्ख! एक कन नाय. ते असेच जेवायचे, पान पुसून. पयल्यांदा बघितलं तवा मी हिथं बसून रडले. ते ग्येले तवा बी इतकी रडले नव्हते. म्हनलं, आले. जेवून ग्येले. माझ्यावर राग नाय."

त्या दगडावर टेकल्या. मग आपणच हळूच म्हणाल्या, "त्याच्या मिशा जळल्यात म्हनं."

"हो. डाव्या बाजूच्या."

"दिवा डावीकडंच ठेवते मी." 

गोठ्यात बैलांचा वास अजून होता. मी आयुष्यभर जनावरांच्या मालकांना वाईट बातम्या देत आले आहे, आणि त्या पटकन सांगून टाकाव्यात असं माझं मत आहे. तिथे मात्र मला ते जमलं नाही. गरजही नव्हती.

"म्हंजे ते आलेच नव्हते," जिजामावशी म्हणाल्या. "एकदा बी."

मी त्यांचा हात धरला. तो वालाच्या हिरव्या रसाने चिकट झाला होता. 

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "मी माझ्या हातानं त्याला मारायला निघाले व्हते, नि वर म्हनत व्हते का ज्यानं घातलं त्याचं वाटोळं होईल." मग उठल्या. "चला. पोरांना मीच सांगते. सून फुकट बोलनी खाते."

त्यांनी ओटीवर जाऊन सगळं सांगितलं. नम्रता त्यांच्या कुशीत शिरली. निलेश मात्र खांबाला टेकून उभा राहिला. "आये, मला सांगायचंस ना गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. 

लोधिवली रद्द झालं. गोठ्यातलं भोक निलेशने त्याच संध्याकाळी बुजवलं.

७

पुढच्या अवसेला मला बोलावणं आलं. नम्रताचा फोन होता. "आई म्हणतात, या वेळी त्या वळून बघणार आहेत. बोक्याला धरायला तुम्ही याल का? आमच्या हातात तो राहत नाही."

मी दिवेलागणीला पोचले. सरपंच बरा झाला होता, अंगावर चांगलं मांस धरलं होतं आणि डब्यातल्या खाण्यावरचा रुसवाही जवळजवळ सोडला होता. मी त्याला दत्तारामांच्या उपरण्यात गुंडाळला आणि गोठ्यापासून जरा लांब अंगणातल्या बाजेवर बसले. या खेपेला सोडे कुणाच्या घरी लपून शिजले नव्हते. नम्रताने अंगणात तीन दगड मांडून शिजवले होते. निलेश घरातच होता, पण दार त्याने उघडं ठेवलं होतं.

जिजामावशींनी पान मांडलं, दिवा लावला, हात जोडले. पाठ फिरवून चार पावलं चालल्या. मग थांबल्या आणि वळल्या.

तशाच दगडासमोर जमिनीवर बसल्या आणि बघत राहिल्या. माझ्या मांडीवर सरपंच धडपडत होता. वास त्याला कळत होता. त्याचं सगळं अंग त्या पानाकडे ओढ घेत होतं, आणि जिजामावशींचंही. मी जन्मात कधी भुताखेतावर विश्वास ठेवलेला नाही. पण त्या वेळी मनापासून वाटलं की कुणीतरी यावं. एखादी चाहूल तरी लागावी.

कुणी आलं नाही. दिव्यातलं तेल सरत आलं, वात चरचरली आणि विझली. पान भरलेलं तसंच होतं.

"नाय आले," जिजामावशी म्हणाल्या. दारात निलेश येऊन उभा राहिला होता, त्यालाच बहुधा. 

मग त्यांनी पान आपल्याकडे ओढलं, भाकरी मोडली आणि सोड्याचा घास घेतला. दीड वर्षांत पहिला. हळूहळू, एकेक घास करत त्यांनी दत्तारामांच्या वाटचं सगळं जेवण संपवलं आणि पान पुसून घेतलं. त्या रडत होत्या आणि जेवत होत्या. निलेश पुढे झाला आणि त्यांच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला.

त्यांनी साबण मागवला. कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, पुन्हा धुतले, आणि मगच सरपंचाला माझ्याकडून घेतलं. त्याने त्यांचा हात हुंगला. उलटा, सुलटा, बोटांच्या बेचक्यांत. पुन्हा पुन्हा हुंगत राहिला.

"नाय रं बाबा," त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या, "काय नाय तिथं. आता तुला बी पथ्य, नि मला बी. वाट बघायची नाय."

नम्रताने त्याची वाटी आणली, वर पाणी घातलेली. त्याने तोंड फिरवलं, मग खाल्लं. तो खाईपर्यंत जिजामावशी त्याच्याजवळ बसून राहिल्या.